बाऊची कैफियत

आमच्या कोकणातील घरी माळ्यावर एक बाऊ राहत असे. त्याला प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य घरात एकही नव्हता. तथापि त्याच्या वास्तव्याविषयी, त्याच्या भुकेविषयी आणि विशेषतः त्याच्या अधिकारक्षेत्राविषयी वडील मंडळींत इतके विलक्षण एकमत होते की, वाटणीतल्या एका आंब्यावरून दोन काका तीन-तीन महिने अबोला धरीत त्या घरात ते कसे नांदले, याचे मला आजही नवल वाटते. दुपारी न झोपणे, ताटात पडवळाची भाजी टाकणे, विहिरीच्या काठावर वाकणे, पाहुण्यांसमोर नाकात बोट घालणे, अशा हरतऱ्हेच्या फिर्यादी या एकाच कचेरीत दाखल होत आणि सर्वांचा निकालही एकच असे: बाऊ उचलून नेईल. आरोपीची जबानी घेण्याचा शिरस्ता तेथे नव्हता.

या मुख्य न्यायासनाखाली काही दुय्यम अंमलदारही होते. झोळीवाला गोसावी होता. ज्याच्या बुटांचा आवाज चावडीपासून ऐकू येई असा फौजदार होता. आणि या सर्वांहून भयंकर, कारण तो खरोखरीच येत असे, तो देवी काढणारा डॉक्टर होता. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडून तो बसला की निम्मी शाळा मागच्या कुंपणातून पसार होई. हा गृहस्थ स्वभावाने अत्यंत सौम्य होता हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. ज्या रोगाने एकेकाळी गावेच्या गावे ओस पाडली त्यातून आम्हाला वाचविणाऱ्या त्या सज्जनाला गावातल्या प्रत्येक आईने, त्याची संमती न विचारता, राक्षसाच्या जागेवर कायम करून टाकले होते.

मराठी भाषेने या बाबतीत एक गंमत करून ठेवली आहे. मुलांना आपण बाऊ दाखवितो, आणि मोठी माणसे एकमेकांना सांगतात की, अहो, त्याचा एवढा बाऊ करू नका. म्हणजे बाऊ हा केलेला असतो, तो कोणीतरी करावा लागतो, आणि केला नाही तर तो नसतोच, हे गुपित भाषेला पक्के ठाऊक आहे. फक्त ते ज्याला सर्वांत आधी कळायला हवे त्याच्यापासून ते कटाक्षाने लपविलेले आहे. मुलांपुढे या गुपिताचा पडदा किंचित बाजूला करणारा जो पहिला मोठा चित्रकथाकार मला भेटला तो स्वतः बाऊच्या हुद्द्यावर असलेला एक डॉक्टरच होता, आणि तो भेटला फार उशिरा, वयाची सत्तरी उलटल्यावर, जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट शहरी.

हाइनरिख होफमान याचा जन्म त्याच शहरात १८०९ साली झाला. आई तान्हेपणीच गेली. वडील वास्तुविशारद, नगराच्या रस्त्यापाण्याची कामे पाहणारे आणि शिस्तीचे. मुलगा वैद्यक शिकून आला आणि गोरगरिबांच्या दवाखान्यात काम करू लागला. आजारी मुलाच्या बिछान्याशी जाताच त्याला जो अनुभव येई, त्याचे त्याने पुढे लिहून ठेवलेले वर्णन वाचताना मला आमची शाळेची ओसरीच दिसू लागली. घरोघरी मुलांना धमकी दिली जाई की, असे वागलास तर डॉक्टर येईल, कडू औषध पाजील, जळवा लावील. नाहीतर काळा धुराडेवाला येऊन घेऊन जाईल. मग डॉक्टर खरेच दारात उभा राहिला की ते मूल किंकाळ्या फोडी, हातपाय झाडी, आणि नाडी पाहणेदेखील अशक्य होई. अशा वेळी होफमान खिशातून कागदाचा कपटा आणि पेन्सिल काढून एक पोरगा काढी. त्याचे केस वाढू लागत, नखे वाढू लागत, इतकी वाढत की अखेर त्या पोराचे केस आणि नखे यांखेरीज काहीच दिसेनासे होई. मूल रडायचे विसरून पुढे काय होते ते पाहू लागे, आणि तेवढ्यात डॉक्टर आपले काम उरकून घेई.

१८४४ च्या नाताळात तीन वर्षांच्या थोरल्या मुलासाठी चित्रांचे पुस्तक आणावे म्हणून तो बाजारात गेला. दुकानात त्याला लांबलचक गोष्टी मिळाल्या, मुलांनी खरे बोलावे आणि स्वच्छ राहावे असे बजावणारे उपदेश मिळाले, आणि एका जाडजूड ग्रंथात तर खुर्ची, बाक, भांडे अशा वस्तूंची चित्रे असून प्रत्येकीखाली ती मूळ आकाराच्या कितव्या हिश्श्याने काढली आहे याची नोंदही होती. तीन वर्षांच्या मुलाने या अपूर्णांकांचे काय करावे, हे त्याला कळेना. संध्याकाळी तो घरी आला तो एक कोरी वही घेऊन. ती त्याने स्वतःच्या हाताने गोष्टी आणि चित्रांनी भरली, आणि त्यातला शेवटचा पोरगा अर्थातच तो रुग्णांच्या खाटेशी काढलेला, वाढल्या नखांचा आणि पिंजारलेल्या केसांचा होता. त्याचे जर्मन नाव श्ट्रुव्वेलपेटर. आपण त्याला झिपऱ्या पेटर म्हणू. त्या मूळ हस्तलिखिताचे जतन आज न्युर्नबर्गच्या राष्ट्रीय संग्रहालयात केलेले आहे.

मित्रमंडळींच्या बैठकीत प्रकाशक लोवेन्थाल याने ती वही पाहिली आणि तो छापायचा हट्ट धरून बसला. होफमानने तीन अटी घातल्या, आणि या अटींवरून माणसाची पारख होते. आपली चित्रे वेडीवाकडी आहेत. तरी ती शिळाछापावर उतरविणाऱ्या कारागिराने त्यांत कलेची भर घालू नये. पुस्तकाची बांधणी फार भक्कम नको, कारण मुलांची पुस्तके वाचण्याइतकीच फाडण्यासाठीही असतात. आणि किंमत एक गुल्डन न ठेवता ५९ क्रॉयत्सर ठेवावी. गुल्डनचे क्रॉयत्सर साठ, पण मुलाच्या बापाला पूर्ण गुल्डन मोडल्यासारखे वाटू नये. (आमच्याकडे पादत्राणांच्या दुकानात ९९ पैसे पाहून ज्यांना ती अलीकडची युक्ती वाटली असेल त्यांनी हे ध्यानात घ्यावे.) १८४५ साली टोपणनावाने निघालेल्या पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती चार आठवड्यांत संपल्या, पुढे गोष्टींत भर पडली, झिपऱ्या पेटर शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आला आणि पुस्तकाला त्याचेच नाव पडले, १८७६ साली शंभरावी आवृत्ती निघाली. बर्लिनमध्ये राहत असता १८९१ साली मार्क ट्वेनने आपल्या मुलींसाठी याचे इंग्रजी रूपांतर केले, ते छापले गेले १९३५ साली, त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी.

पुस्तकात घडते तरी काय? कास्पार नावाचा गुटगुटीत मुलगा सूप पिणार नाही म्हणतो. दुसऱ्या दिवशी वाळतो, चौथ्या दिवशी दोरा होतो, पाचव्या दिवशी मरतो, आणि त्याच्या थडग्यावर सुपाचे भांडे ठेवलेले दिसते. पाउलीन्खेन नावाची मुलगी आईबाप बाहेर गेलेले पाहून काडी ओढते. (कोठेही घासताच पेटणाऱ्या फॉस्फरसच्या काड्या तेव्हा घराघरांत नव्यानेच शिरल्या होत्या, हा बाऊ काल्पनिक नव्हता.) मिन्त्स आणि माउन्त्स ही दोन मांजरे पुढचे पंजे वर करून तिला बजावतात, ती ऐकत नाही, आणि अखेरीस राखेचा ढीग व दोन बूट एवढेच उरते; मांजरे मात्र डोळ्यांना रुमाल लावून इतकी रडतात की आसवांचा ओढा वाहू लागतो. दुष्ट फ्रीडरिख माश्यांचे पंख उपटतो, कुत्र्याला चाबूक मारतो; कुत्रा त्याचा पाय फोडतो. पुढच्या चित्रात फ्रीडरिख बिछान्यात, डॉक्टर त्याला कडू औषध पाजतो आहे, आणि खाली त्याच्याच टेबलाशी, त्याच्याच खुर्चीवर तो कुत्रा केक आणि सॉसेज यांचा समाचार घेत ऐटीत बसला आहे. या कुत्र्याइतका समाधानी चेहरा बालवाङ्मयात मी दुसरा पाहिलेला नाही.

आणि कोन्राड. आई बाहेर जाताना सांगते की, अंगठा चोखू नकोस, नाहीतर शिंपी येईल. आईची पाठ वळते, अंगठा तोंडात जातो, दार धाडकन उघडते आणि लांब तंगड्यांचा शिंपी माणसाच्या उंचीची कात्री घेऊन हवेतून उडी मारल्यासारखा आत येतो. ना समन्स, ना कैफियत. दोन्ही अंगठे साफ. शेवटच्या चित्रात कोन्राड अंगठ्यांवाचूनचे हात पसरून उभा आहे. या एका चित्रावर जेवढा गंभीर ऊहापोह झाला तेवढा पुष्कळ महाकाव्यांवरही झाला नसेल. फ्रॉइडनेही आपल्या व्याख्यानांत या शिंप्याला हजर केले आहे. या चित्राने रात्र-रात्र न झोपलेली मुले खरोखरीच होऊन गेली, आणि त्यांच्यापैकी काहींनी मोठेपणी तशी साक्षही दिली. तेव्हा हे सारे निव्वळ विनोदाने घ्यावे, घाबरणारा तो अरसिक, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तीन गोऱ्या पोरांना एका काळ्या मुलाची टर उडविल्याबद्दल शाईच्या भल्यामोठ्या दौतीत बुचकळून काढण्याची जी कथा या पुस्तकात आहे तिच्याविषयीही माझे मन साफ नाही. हेतू थोर, पण काळे होणे हीच शिक्षा ठरावी, यात ज्याची बाजू घ्यायची त्याचाच पुन्हा अपमान होतो, हे त्या भल्या डॉक्टरच्या ध्यानात आले नाही.

फ्रांकफुर्टला मी गेलो तो भाच्याकडे. तो तेथे एका बँकेत संगणकाचे काम करतो. त्याची मुलगी पाच वर्षांची, घरी मराठी आणि बालवाडीत जर्मन बोलणारी, आणि दोन्ही भाषांत सारखीच हट्टी. रोमर ही जुनी नगरसभा आणि डोम हे उत्तुंग चर्च यांच्यामधला सारा भाग १९४४ च्या बाँबवर्षावात बेचिराख झाला होता. तेथे अलीकडे, २०१८ साली, जुन्यासारखी दिसणारी नवी घरे बांधून पुरी झाली. त्यांपैकी काही घरांत २०१९ पासून झिपऱ्या पेटरचे संग्रहालय आहे. एका पावसाळी दुपारी मी आणि ही नात असे दोघे तेथे गेलो. मनोरुग्णांच्या पुनर्वसनाचे काम करणाऱ्या एका स्थानिक संस्थेने हे संग्रहालय मुळात १९७७ साली सुरू केले. अशा आजारातून जाणारी माणसेच तेथे नोकरीस असतात. होफमानच्या पुस्तकाची राखण त्यांच्याकडे असणे किती यथायोग्य आहे, ते पुढे येईलच.

काचेआडच्या आवृत्त्यांत नातीला रस नव्हता. तिने एका कोपऱ्यात मुलांसाठी ठेवलेले वेश शोधून काढले. तेथे झिपऱ्याचा टोप होता, मांजरांचे कान होते, आणि शिंप्याची कात्रीही होती.

“तू कोन्राड हो,” मी म्हणालो, “मी शिंपी होतो.”

“नाही. शिंपी मी.”

“मग मी कोण?”

“आजोबा, तुम्ही अंगठा चोखा.”

सत्तरी उलटलेल्या, धोतर सोडून पँटमध्ये आधीच अवघडलेल्या एका मराठी गृहस्थाने परमुलखात, चार लोकांच्या देखत, अंगठा तोंडात घालून उभे राहावे, हा प्रसंग मी माझ्या शत्रूवरही आणणार नाही. पण शिंपी दाराआड जाऊन दबा धरून बसला होता. तो धावत आला, कात्री चालली, आणि मी बोंब ठोकली. ती त्याला पुरेशी वाटली नाही, म्हणून खटला पुन्हा चालला. असा तो एकूण पाच वेळा चालला. घरी याच मुलीची नखे कापायची तर तिची आई आणि बाप यांना दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करावा लागतो, हे भाच्याने मला आदल्याच दिवशी सांगितले होते. आज कात्री तिच्या हाती होती. पाचव्या वेळी तिने माझे अंगठे परतही केले. मूठ उघडून, मोजून, एकेक.

होफमानवर त्याच्या हयातीतच टीका झाली की, असली ओबडधोबड चित्रे मुलांची सौंदर्यदृष्टी बिघडवितात. त्याने उत्तर दिले ते असे की, मग तान्ह्या मुलांना चित्रशाळांत आणि प्राचीन पुतळ्यांच्या दालनांत वाढवावे. मात्र ते मूल दोन वर्तुळे आणि चार रेघा ओढून स्वतः माणूस काढू लागेल तेव्हा त्याला अडविण्याचीही तजवीज ठेवावी. या उत्तरात कलेच्या प्रश्नाचा निकाल आहेच, पण भयाच्याही प्रश्नाचा आहे, असे मला वाटते. माळ्यावरच्या आमच्या बाऊला रूप नव्हते, आणि त्याची सारी जरब त्या नसलेल्या रूपात होती. डॉक्टरने बाऊ नाहीसा केला नाही. त्याने त्याला लांब तंगड्या दिल्या, मागे उडणारे केस दिले, आणि गुन्ह्याच्या मानाने शिक्षा इतकी अवाढव्य करून ठेवली की तीन वर्षांच्या मुलाच्याही मनातला कारकून टाक खाली ठेवून हसू लागला. सूप न प्यायल्याबद्दल मृत्यू, हे आईच्या धमकीचेच शब्दशः केलेले चित्र आहे. धमकी मोठी माणसे देतात. तिची तामिली झालेली त्यांनी कधी पाहिलेली नसते.

याच वाटेने पुढे पुष्कळ जण गेले. विल्हेल्म बुशने १८६५ साली माक्स आणि मोरित्स या दोन उनाडांना गिरणीत दळून बदकांना खाऊ घातले. हिलेर बेलॉकने १९०७ साली इंग्रजीत उपदेशपर पद्याचीच टर उडवीत दाईचा हात सोडून पळालेल्या मुलाला प्राणिसंग्रहालयातल्या सिंहाकडून पायांपासून वर खाववले. मॉरिस सेन्डाकने १९६३ साली काढलेले रानटी प्राणी हे ब्रुकलिनला रविवारी जेवायला येणारे त्याचे नातेवाईक होत. गालगुच्चा घेऊन, तुला खाऊनच टाकतो, असे म्हणणारे, नाकातले केस आणि पिवळे दात अगदी जवळून दाखविणारे. आपल्याकडेही आत्या-मावश्या कौतुकाने हेच म्हणतात, आणि मूल क्षणभर दचकून त्यांचे दात मोजते. ब्रूनो बेटेलहाइम या बालमानसशास्त्रज्ञाने १९६९ साली एका मासिकात सेन्डाकच्या पुस्तकावर कोरडे ओढले; ते पुस्तक त्याने तेव्हा वाचलेले नव्हते.

होफमानचे दुसरे आयुष्य पाहायला मी एकटाच गेलो. १८५१ साली तो शहराच्या वेड्यांच्या दवाखान्याचा मुख्य झाला आणि १८८८ पर्यंत राहिला. भोवतालच्या लोकांना या इमारतीचीही भीती होतीच. मुलांना तिचाही बाऊ दाखविला जात असणार. त्याने मात्र युरोपातली अशी अनेक रुग्णालये हिंडून पाहिली आणि गावाबाहेर अफेनश्टाइन येथे मोकळ्या जागेवर बागेसकट नवे रुग्णालय उभे करविले. १८६४ साली ते उघडले, आणि गावाने त्याला वेड्यांचा राजवाडा असे नाव ठेवले. याच रुग्णालयात, होफमान निवृत्त झाला त्याच वर्षी, आलोइस आल्त्सहायमर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला, आणि १९०१ साली येथेच दाखल झालेल्या एका रुग्णेवरून त्याच्या नावाचा विस्मरणाचा आजार जगाला कळला. या वयात माझ्या रात्रीच्या झोपेशी ज्याचे वैर आहे तो बाऊ हाच. ते रुग्णालय आता नाही. त्या जागी हान्स पोल्त्सिश याने बांधलेली, रसायनांच्या एका बलाढ्य कंपनीची प्रचंड इमारत उभी राहिली, युद्धानंतर तेथे अमेरिकन लष्कराचे ठाणे होते, आणि आज विद्यापीठ आहे. हिरवळीवर मुले-मुली पुस्तके उघडून पालथी पडली होती. कोणाचीच नखे वाढलेली नव्हती. केसांविषयी तसे म्हणता येत नाही.

माझ्या मुक्कामाची शेवटची रात्र होती. नातीने गोष्टीचा तगादा लावला, आणि ती चिऊकाऊचीच हवी म्हणाली. आमची आजी ही गोष्ट सांगे तेव्हा बाहेर खरोखरीचा पाऊस कोसळत असे. शेणाचे घर वाहून गेलेला कावळा दाराबाहेर कुडकुडत उभा, चिमणी आतून एकेक सबब सांगते आहे, आणि बंद दाराबाहेर राहण्याचे ते भय आम्हा सर्वांच्या पोटात गोळा होऊन बसलेले. मग एकदाचे दार उघडे, चिमणी त्याला ऊब घ्यायला तापल्या तव्यावर बसवी, आणि कावळ्याच्या बुडाला जो चटका बसे त्यासरशी आम्ही सारी भावंडे गोधडीत गडबडा लोळत असू. मुलांच्या मनावर कशाचा काय परिणाम होतो यावर पुष्कळ वाचन झालेल्या मी त्या रात्री मात्र दार जरा लवकर उघडले, कावळ्याला टॉवेल दिला, गरम दूध दिले, आणि चिमणीच्या पिलांशेजारी पांघरूण घालून झोपवले.

नात छताकडे पाहत पडून राहिली. बाहेर ट्राम गेली.

“आजोबा,” ती म्हणाली, “तवा राहिला.”

मी उठून बसलो, आणि पुन्हा चूल पेटवली.